पाटीच्या दगडाची गाडी

२२ सप्टेंबर १९९०, शनिवार

आज पोटभर जेवलो. मेसच्या रेडिओवर बातमी आली, येमेनी लोकांना आता आमच्यासारखाच कफील, म्हणजे जामीन राहणारा सौदी मालक, लागणार. त्यांच्या सरकारने कुवेतच्या भानगडीत इराकची बाजू घेतली ना, भोगा म्हणावं. इतकी वर्षं कसे छाती काढून चालायचे. पासपोर्ट स्वतःच्या खिशात, दुकान स्वतःच्या नावावर, कुणाची परवानगी नको. आता दोन महिन्यांत कफील शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा.

आमचा येमेनी सालमीन समोरच बसला होता. रोटीचा तुकडा हातात तसाच राहिला. मी मुद्दाम दुसऱ्यांदा डाळ मागून घेतली.

या थेरड्याने माझी चौदा वर्षं कुजवली. नेरळच्या रेल्वे शेडमधून आमच्या मालकाने, शेखने, मला इथे आणलं ते या लाइनसाठी, कारण ही लाइन माथेरानच्या गाडीएवढीच रुंद, दोन फुटी. जेद्द्याहून तायफकडे जाताना डोंगरात ही खाण, आपल्या शाळेतल्या पाटीच्या काळ्या दगडाची. खाण वर, सडक खाली, मध्ये आमची गाडी. मला वाटलं मी येऊन लाइनचा प्रमुख होणार. तर इथे हा बसलेला. इटालियनांनी लाइन टाकली तेव्हा याने म्हणे रूळ खांद्यावर वाहिले, मग डबे ओढणारी खेचरं हाकली, मग डिझेल इंजिन आलं तर त्याला पहिली आंघोळ यानेच घातली. हा इतिहास मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेत सांगेन.

थोरल्या सानियाच्या निकाहाला मला रजा मिळाली नाही ती याच्यामुळे. शेखच्या कानाशी लागला असणार. जावयाने सासऱ्याला अजून फोटोतच पाहिलाय. धाकट्या झेबाच्या वेळी तसं होऊ देणार नाही. तिचा निकाह ठरलाय, आठ फेब्रुवारी, शुक्रवार. सालमीन गेला की लाइन माझी. मग रजा मागायला मध्ये कोण?

२९ सप्टेंबर

आज पुन्हा वाजलं. भरलेल्या डब्यांना उतरायला इंजिन लागत नाही, आपल्या वजनानेच ते खाली धावतात. पुढच्या डब्यावर सालमीन, मागच्यावर मी, दोघांच्या हातात ब्रेकचं चाक. बस, एवढीच मदार. संध्याकाळी दगड फोडणारे पठाणही मालावर बसूनच खाली येतात.

मोठ्या वळणावर मी जरा आवळलं, तर हा पुढून मागे वळून ओरडतो, "सोड! सोड! गाढवा!" सगळ्या पठाणांसमोर. खाली उतरल्यावर मी म्हटलं, मी माथेरानच्या घाटात अकरा वर्षं ब्रेक धरलाय, तू मला शिकवणार? तर म्हणतो, तुमच्या घाटात झाडं आहेत, गाडी पडली तरी अडकते. इथे काय अडवणार?

डोक्यात जातो मेला. आवळलं की चाक थांबतं, गाडी थांबत नाही, घसरते, हे मलाही माहीत आहे. पण सांगायची काही पद्धत?

१४ ऑक्टोबर, रविवार

आज दाराला कडी लावून लिहितोय.

दुपारी सालमीन माझ्या खोलीवर आला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. बसला नाही. भिंतीवर झेबाचा फोटो आहे, त्याकडे बघत म्हणाला, "शेख तुला विचारणार आहे. खरं ते सांग." एवढंच. विनंती नाही, काही नाही. जणू मी त्याचा नोकर. मी म्हटलं, सांगेन.

चार वाजता शेख मुतलक आला, पठाण बाजूलाच माल भरत होते. गाडीतून उतरलाही नाही, काच खाली करून म्हणाला, "कादिर, म्हाताऱ्याची कफालत मी घ्यावी का? घ्यायची तर त्याच्यासाठी दहा कचेऱ्या झिजवाव्या लागतील. लाइन त्याच्याशिवाय चालेल?"

मी म्हटलं, "चालेल. मी एकटा पुरे."

तोंडातून निघालं आणि एकदम हलकं वाटलं. शेख म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "डबे कमी जोडीन, फेऱ्या जास्त करीन. त्याच्यावाचून काही अडणार नाही." शेख म्हणाला, "खलास," आणि काच वर केली.

यात खोटं काय आहे? मला एकट्याला गाडी उतरवता येते. येतेच.

३ नोव्हेंबर

सालमीन गेला. खाली सडकेवर त्याच्या गाववाल्यांचे ट्रक उभे होते, गाद्या, फ्रीज, शिवणयंत्रं, वर बायकापोरं. त्याने आपला गॅसचा चुल्हा बंगाल्यांना फुकट देऊन टाकला. मला कुणी विचारलंही नाही.

जाताना तो पूर्ण लाइन चालत उतरला. मी गाडी घेऊन शेजारून गेलो, त्याने मान वर केली नाही. खाली भेटलो तेव्हा सगळ्यांशी गळाभेट झाली, माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, "आता तुला इथून कोण सोडवणार?"

जाता जाता शाप देऊन गेला. मी म्हटलं, तू तुझं बघ. पठाण माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच त्याला हाकललं. अरे, सरकारने हाकललं! माझ्या नावाने कशाला खडे फोडता?

२० डिसेंबर, गुरुवार

कंबर मोडली. पाटीचा दगड काढताना दहातले नऊ भाग कचरा निघतो. तीस वर्षांचा तो कचऱ्याचा डोंगर वर पडला होता, त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आता लष्कराला तळावरच्या रस्त्यांसाठी खडी हवी, तर शेखने तो डोंगरच विकून टाकला. सकाळपासून अंधार पडेपर्यंत गाडी, शुक्रवारची सुट्टीही बंद. आणि ब्रेकवर मी एकटा. खांदा रात्री वर होत नाही.

आज शेखकडे रजा मागितली. फेब्रुवारीत मुलीचा निकाह, आधीच सांगून ठेवतो, पासपोर्ट आणि देशाबाहेर जायचा एक्झिटचा शिक्का द्या. तो हसला. म्हणाला, "तूच म्हणालास ना, एकटा पुरे? मग आता दुसरा कुठून आणू?"

मग तो जरा नरमला. म्हणाला, कुणाला तरी शिकव, तो तयार झाला की जा. मी म्हटलं, सानियाच्या वेळीही तुम्ही असंच केलंत, त्या सालमीनचं ऐकून. तर शेख म्हणतो, "सालमीन? तो तर तेव्हा माझ्या दारात येऊन बसला होता, की जाऊ द्या याला, मी दोन्ही पाळ्या करतो. मीच नाही म्हटलं."

खोटं बोलतो. मला टोचायला गेलेल्या म्हाताऱ्याला पुण्यवान करतोय. सालमीन माझ्यासाठी कुणाच्या दारात बसेल? मग चौदा वर्षांत एकदा तरी बोलला असता की.

आता शिकवू कुणाला? पठाण म्हणतात आम्ही दगड फोडायला आलोय, मरायला नाही. बंगाली वळण बघूनच हात जोडतात.

५ जानेवारी १९९१, शनिवार

राहील आला. माझा मेहुणा, मैमुनाचा धाकटा भाऊ. जेद्द्याच्या बंदरात एका गोदामात होता. लढाईच्या भीतीने मालकाने गोदाम बंद केलं, याच्या पासपोर्टवर कायमचं घरी जायची फायनल एक्झिट मारूनही दिली. सरळ जहाजात बसून घरी जायचं सोडून हा डबल शहाणा बॅग घेऊन इथे डोंगरावर हजर.

"दुल्हाभाई, मला शिकवा. तुम्ही झेबाचा निकाह लावायला जा. मी शेखच्या नावावर कफालत बदलून घेतो."

मी पाच वर्षं याच्याशी बोलत नव्हतो. सानियाच्या लग्नात भरमांडवात म्हणाला होता, "आमचे दुल्हाभाई बाप नाहीत, पैसे येणारं पाकीट आहेत." मैमुनाने आवाज भरून पाठवलेल्या कॅसेटवर रडत सांगितलं होतं. आता आला उपकार करायला. मी म्हटलं, "पाकिटाकडे काय शिकणार तू?" खाली मान घालून म्हणाला, "तेव्हा चुकलो." मी म्हटलं, "झोप तिकडे, त्या खाटेवर. सालमीनची आहे, ढेकूण असतील."

ढेकूण नव्हते. म्हातारा टापटिपीचा होता, एवढं मानलं पाहिजे.

१३ जानेवारी

हा दगड शिकेल, राहील शिकणार नाही.

सरळ रुळावर ठीक. पण वळण आलं की याच्या हाताला लकवा मारतो आणि चाक आवळून धरतो. मी मागून कोकलतोय, "सोड! सोड रे गाढवा!" आणि हा अजूनच आवळतो. चाकं जाम, गाडी घसरतेय, ठिणग्या उडताहेत. मी उड्या मारत पुढे जाऊन त्याच्या हातावर लाथ घातली तेव्हा कुठे चाक सुटलं. वळण पार झालं तेव्हा माझे कपडे घामाने चिंब, आणि बाहेर थंडी.

त्याला सांगितलं, भीती वाटली की सैल सोडायचं. तो म्हणतो, "भीती वाटली की माणूस धरतो, दुल्हाभाई. सोडतो कोण?" मी म्हटलं, "इथे सोडतात." मलाही हे अंगात भिनायला दोन वर्षं लागली होती. ओरडणारा एक जण सतत पुढे होता म्हणून भिनलं.

याच्याकडे दोन वर्षं कुठे आहेत? तीन आठवडेसुद्धा नाहीत.

१७ जानेवारी, गुरुवार

लढाई सुरू झाली. सकाळी मेसमध्ये गेलो तर चूल थंड, सगळे रेडिओला चिकटलेले. बगदादवर विमानं. आचारी कुराण काढून बसला. अर्धे जण म्हणाले आजच निघू, आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं की पासपोर्ट शेखच्या कपाटात आहेत. शेख फोन उचलत नाही. पठाणांचा मुकादम मला म्हणतो, "तू तो अकेला काफी है ना? तू चला गाडी." सगळे हसले. लढाईच्या दिवशी हसायला माझीच मुंडी सापडली.

राहीलने रेडिओ बंद केला, म्हणाला, "चला, गाडी. माझे अजून दिवस आहेत शिकायचे." मी त्याच्यावर खेकसलो, की लढाई पेटलीय आणि तुला गाडी सुचते, जा की जेद्द्याला, एक्झिट हातात आहे तर! तो म्हणाला, "तुम्ही गेल्याशिवाय जात नाही."

हट्टी खानदान. बहीण तशी, भाऊ तसा.

आज वळणावर त्याने दोनदा वेळेवर सोडलं. तिसऱ्यांदा नाही.

२२ जानेवारी, मंगळवार

शेख आपली गाडी कच्च्या वाटेने वर खाणीपर्यंत घेऊन आला. हातात माझा पासपोर्ट. जाऊन परत यायचा, एक्झिट-रीएन्ट्रीचा शिक्का मारलेला, मी डोळ्यांनी पाहिला. गाडीच्या बॉनेटवर पासपोर्ट ठेवला आणि म्हणाला, "हा तुझा माणूस तयार असेल तर हा घे आणि जा. त्याचा पासपोर्ट मी घेतो. लष्कराचं काम एक दिवस थांबता कामा नये. बोल, तयार आहे?"

माझ्याआधी राहीलच बोलला, "तयार आहे, शेख. एकदम तयार."

शेखने माझ्याकडे पाहिलं. मागे पठाण उभे होते, संध्याकाळच्या गाडीने खाली जायला. मला माझा फोटो दिसत होता पासपोर्टावरचा, उघडाच होता तो. झेबा तेव्हा सात वर्षांची होती.

मी म्हटलं, "नाही."

राहील कुजबुजला, "दुल्हाभाई, काय बोलताय?" मी अजून मोठ्याने म्हटलं, "याला काही येत नाही. हा नंबर एकचा भित्रा आहे. याच्या हातात गाडी दिली तर पहिल्याच दिवशी वळणावर सगळ्यांना घेऊन जाईल. मला नको हा इथे. हाकला याला."

शेख चिडला. म्हणाला, मग माझा वेळ कशाला घेतलास? पासपोर्ट उचलला, खिशात घातला. राहीलला म्हणाला, "तू रूह. जा. तुझ्यासारख्याला मी कफालत देत नाही."

शेख गेल्यावर राहीलने माझी कॉलर धरली. "पाच वर्षांपूर्वीचा सूड उगवलात. माझ्यावर उगवायचा होता, झेबावर कशाला?" मी त्याचा हात झटकला. म्हटलं, जे खरं ते सांगितलं, तुला येत नाही म्हणजे येत नाही. तो म्हणाला, "चार दिवसांत आलं असतं." मी म्हटलं, चार दिवसांत तू मेला असतास, आणि तुझ्या बहिणीला तोंड मी दाखवायचं? नसता व्याप.

गाडी मीच खाली नेली. डोळ्यांत धूळ गेली होती.

२६ जानेवारी, शनिवार

राहील निघाला. त्याच्या गोदामवाल्यांच्या ओळखीने मुंबईच्या जहाजात जागा मिळाली. सलाम न करता ट्रकमध्ये चढला. चार दिवस एका खोलीत राहून एक शब्द नाही, मीही नाही बोललो.

ट्रक सुरू झाला तेव्हा मात्र राहवलं नाही. धावत जाऊन फळीला लटकलो आणि ओरडलो, "ऐक! निकाहात वकील तू व्हायचं. झेबाकडून कबुली घ्यायला आत तू जायचं. तो तिचा टॅक्सीवाला चुलता नाही, तो पान खातो. कळलं?"

राहील फळीपर्यंत सरकला. म्हणाला, "बाप कुठे आहे विचारलं तर काय सांगू?"

"सांग, ड्युटीवर आहे."

मग ट्रकने वेग घेतला आणि मला फळी सोडावी लागली.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज निकाह.

जुम्याची नमाज वर खाणीतच पढलो, लष्कराच्या गाड्या खाली रांगेत उभ्या होत्या. नेरळजवळ आमच्या दामत गावात जुम्यानंतरच निकाह लावतात. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे मी नमाजेला उभा राहिलो तेव्हा तिकडे जेवणं सुरू झाली असणार. बिर्याणी रांधायला माझ्या बहिणीच्या नवऱ्याला दिली असेल तर भात गिचका झाला असणार. मैमुनाला दहा वेळा सांगितलंय.

पठाणांच्या मुकादमाला कुठून कळलं काय माहीत. त्याने खजुराचा पुडा पुढे केला, "मुबारक हो, बेटी का निकाह है आज." मी म्हटलं, तुला काय करायचंय, माल भर. मग एक खजूर घेतला.

शेवटच्या फेरीला पठाण नेहमीसारखे मालावर बसले. वळणावर हात आपोआप सैल झाला, गाडी सुरळीत गेली, कुणाला काही कळलंही नाही. मी पुढच्या डब्याच्या ब्रेकवर बसून सबंध उतारभर रडलो. पाठमोरा होतो म्हणून बरं. किती घाण दिवस.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सडकेवरच्या टेलिफोन कॅबिनमधून नेरळला फोन लावला. आमच्याकडे फोन नाही, नानांच्या किराणा दुकानात आहे, तिथे सगळे येऊन बसायचे असं आधीच ठरलं होतं. लाइन लागायला जीव गेला. लढाई चालूच, आकाशातून विमानं जात होती, ऐकायला एक कान दाबून धरावा लागत होता.

आधी नाना स्वतःच बोलत सुटले, लढाई कशी काय, तेलाचे भाव काय, मी म्हटलं, नाना, माझे रियाल पळताहेत, माझ्या माणसांना द्या. मग राहील आला. आवाज फुगलेलाच होता. म्हणाला, "वकील झालो. काजींनी विचारलं बाप कुठे, मी म्हटलं हयात आहे, त्यानेच मला पाठवलंय." मी म्हटलं, "मी ड्युटीवर सांग म्हटलं होतं." तो म्हणाला, "मला जे खरं वाटलं ते सांगितलं." मग म्हणाला, "बिर्याणी चांगली झाली." एवढं बोलून रिसीव्हर दुसऱ्याच्या हातात दिला.

झेबा आली. माहेरी आली होती, खास फोनसाठी. "अब्बा?" म्हणाली. मी विचारलं, जेवलीस का. तिने हसून म्हटलं, कधी, आठ तारखेला का आज? मग मी पण हसलो. तिच्या आवाजात सासर आलंय, जरा हळू बोलायला लागलीय.

मग म्हणाली, "मामूने सगळं सांगितलं. तुम्ही त्याला नापास केलंत. आधी तो खूप चिडला होता, जहाजावर नऊ दिवस विचार करून आता म्हणतो, माझा जीव वाचवला."

मी म्हटलं, "जीवबीव काही नाही. त्याला येत नव्हतं. येत नसेल तर येतं असं कसं सांगणार? गाडीवर माणसं असतात."

मला वाटलं फोन कटला. मी हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," ती म्हणाली. "अब्बा, एक विचारू? तो सालमीन. कॅसेटमध्ये तुम्ही सारखं सांगायचात ना, असा वागतो, तसा ओरडतो. त्याला शेख ठेवून घेणार होता. तुम्हाला विचारलं होतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"मामूला पठाणांनी सांगितलं." तिचा आवाज चढलेला नव्हता. लहानपणी गणित सुटलं नाही की विचारायची तसंच विचारलं तिने. "त्याला तर येत होतं ना, अब्बा?"

बाहेर लोक काचेवर टकटक करत होते, त्यांचेही नंबर होते. फोन अजिबात कटलेला नव्हता. तिकडे नानांच्या दुकानात कुणीतरी साखर मोजत होतं, तेसुद्धा स्पष्ट ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "अम्मीला दे फोन."